कानाला पापणी नाही : नॉइज कॅन्सलेशन आणि आपण



मागच्या व्याख्यानात आपण 'लक्ष' म्हणजे काय ते पाहत होतो. शेवटी मागच्या रांगेतल्या एका तरुणानं प्रश्न विचारला. तो रोज निगडीहून चाकणला कंपनीच्या बसनं जातो. जाताना दीड तास, येताना दीड तास. तो म्हणाला, "सर, बसमध्ये बसलो की मी इअरबड्स घालतो, नॉइज कॅन्सलेशन पूर्ण चढवतो. दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो. घरचे म्हणतात, तू माणसात राहिला नाहीस. यात खरंच काही चूक आहे का?" त्या दिवशी वेळ संपली होती. आम्ही म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. तर आज ती पुढची वेळ आहे.

आधी एक कबुली देऊन टाकतो. हे यंत्र आम्हीही वापरतो. नातीनं वाढदिवसाला दिलं. त्यामुळे आज जे बोलणार आहोत ते दुरून बघून केलेला उपदेश नाही. आम्हीही आरोपींच्याच बाकावर आहोत.

डोळ्यांना पापण्या आहेत. नको ते दिसलं तर मिटून घेता येतात. कानाला पापणी नाही. झोपेतसुद्धा कान उघडाच असतो, म्हणून तर गजर वाजला की आपण जागे होतो. हजारो वर्षं माणूस असाच जगला. आता पहिल्यांदाच कानाला पापणी मिळाली आहे, आणि तीही हवी तेवढी मिटता येणारी. ही गोष्ट लहान नाही.

ही पापणी मिटते कशी, ते आधी समजून घेऊ. विहिरीत दगड टाकला की तरंग उठतात. दुसरा दगड टाकला तर त्याचेही तरंग उठतात. एका तरंगाचा उंचवटा जिथे दुसऱ्याच्या खळग्यावर येतो, तिथे पाणी सपाट होतं. आवाज म्हणजे हवेतले तरंग. गंमत अशी की आपल्या नैयायिकांनीही शब्दाचा प्रवास सांगताना पाण्याचीच उपमा घेतली होती. वीचितरंगन्याय म्हणतात तो हाच : एका लाटेतून दुसरी, दुसरीतून तिसरी, असं करत शब्द कानापर्यंत येतो. हवेच्या दाबाचं गणित त्यांच्याकडे नव्हतं, पण चित्र नेमकं होतं.

इअरबडच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक मायक्रोफोन असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो. आतली चिप त्याच्या उलटा तरंग तयार करते, उंचवट्याला खळगा आणि खळग्याला उंचवटा. तो उलटा तरंग स्पीकरमधून कानात सोडला की दोन्ही मिळून शांत होतात. कानाच्या बाजूला बहुधा आणखी एक मायक्रोफोन असतो, तो काय शिल्लक राहिलं ते बघून दुरुस्ती करतो. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ साली तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. पण तेव्हा एवढं झटपट गणित करणारं यंत्रच नव्हतं. पुढे १९७८ साली अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानानं चालले होते. विमानातल्या हेडफोनवर गाणं धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणित मांडायला घेतलं. हे अमर बोस बंगाली क्रांतिकारक वडिलांचे अमेरिकेत वाढलेले चिरंजीव. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ साली बाजारात आला. आता तेच काम कानात मावणारं, बोराएवढं यंत्र करतं.

पण ते सगळे आवाज सारखे पुसत नाही. बसच्या इंजिनाची घरघर घ्या. समजा ती सेकंदाला १०० कंपनांची आहे. म्हणजे एका तरंगाला १० मिलिसेकंद लागतात. चिपच्या दृष्टीनं हा ऐसपैस वेळ झाला. शिवाय ही घरघर एकसारखी असते, आत्ता आहे तशीच पुढच्या क्षणालाही असणार. पण भांडं पडल्याचा खणखणाट सेकंदाला चार हजार कंपनांचा असेल तर एका तरंगाला पाव मिलिसेकंदच मिळतं. उलटा तरंग जरासा उशिरा पोचला तरी आवाज पुसायच्या ऐवजी वाढू शकतो. म्हणून पंखा, एसी, कॉम्प्रेसर, बस यांचा आवाज जातो. कुकरची शिटी, बाळाचं रडणं, हॉर्न हे बरंचसं राहतं. त्यातलं जे कमी होतं ते कानात घट्ट बसलेल्या सिलिकॉनच्या टोपीमुळे. संत तुकारामांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा हायवेच्या कडेला उभं राहून आम्ही हा प्रयोग केला. कॅन्सलेशन चढवलं. मागच्या गाड्यांचा घरघराट गेला, टाळ राहिले.

आता इथे आमच्या विषयाचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा, प्रश्न सुरू होतो. या यंत्राच्या नावातच 'नॉइज' आहे. गोंगाट. पण गोंगाट नावाचा वेगळा तरंग भौतिकशास्त्रात नाही. तिथे फक्त ध्वनी आहे. गोंगाट हा निवाडा आहे. 'हा आवाज मला नको' असा निवाडा, आणि तो माणूस करतो. शेजारच्या वर्कशॉपमधला लेथ आम्हाला गोंगाट वाटतो, लेथवरच्या कारागिराला तोच आवाज सांगतो की हत्यार बोथट झालं. आम्ही या गावात आलो तेव्हा कारखान्याचे भोंगे वाजायचे. पाहुणे दचकायचे. इथल्या बायका त्या भोंग्यावर कणीक मळायला घ्यायच्या, कारण आता फर्स्ट शिफ्ट सुटणार.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मग आकुर्डी, भोसरी, आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत चाकण. हे गाव आवाजातून उभं राहिलंय. इथे राहून आवाजाबद्दल तक्रार करणं म्हणजे ज्या ताटात जेवलो त्यालाच नावं ठेवणं, असं आमच्या पिढीला वाटायचं. त्यात खरंही होतं आणि खोटंही होतं. खोटं काय होतं ते थोड्या वेळानं सांगतो.

आधी एक पाहू की यंत्र नसताना माणसं काय करत होती. बृहदारण्यक उपनिषदात याचं निरीक्षण आहे. माणसं म्हणतात, आमचं मन दुसरीकडे होतं, म्हणून ऐकू आलं नाही. उपनिषद यावरून दाखवतं की ऐकण्याला नुसता कान पुरत नाही, मन लागतं. नैयायिक आणखी पुढे गेले. मन अणू आहे, एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, असं त्यांनी मानलं. योगशास्त्रात प्रत्याहार आहे, म्हणजे इंद्रियांना विषयांपासून आत वळवणं. तेव्हा पापणी कानाला नसली तरी मनाला होती. पण ती मिटायला वर्षानुवर्षं साधना लागायची. आता बोटानं दाबलं की काम होतं. दोन्ही एकच नाहीत. प्रत्याहारात आपण आत जातो आणि जग जिथल्या तिथे राहतं. यंत्र जगालाच आपल्यापुरतं पुसतं, आणि आपण होतो तिथेच बसून राहतो, बहुधा रील बघत.

ज्यांना साधना जमली नाही त्यांनी तक्रारी केल्या. त्यात आमचे तत्त्वज्ञ पुढे! कांटचं घर तुरुंगाजवळ होतं. कैदी मोठमोठ्यानं प्रार्थनागीतं गायचे. १७८४ साली त्यानं नगराध्यक्षाला पत्र लिहून हे थांबवायला सांगितलं. शोपेनहॉवरनं तर १८५१च्या ग्रंथात गोंगाटावर निबंधच लिहिला, आणि गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यावर सगळा राग काढला. आपल्याला हसू येतं. पण यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. कांटला पत्र लिहावं लागलं. आवाज करणारे कोण आहेत, ते का गातात, याची दखल घ्यावी लागली. प्रश्न नगराध्यक्षापर्यंत गेला. त्याच्याकडे इअरबड्स असते तर पत्र लिहिलं नसतं. कैद्यांना सुख झालं असतं, कांटलाही झालं असतं, पण आवाजाचा प्रश्न गावाचा राहिला नसता. आजच्या व्याख्यानाचं मर्म इथे आहे : गोंगाट बंद होत नाही, तो आपल्यापुरता बंद होतो. मग बाकीच्यांचं काय?

'बाकीचे' म्हणजे कोण, तर आमच्या घरचंच सांगतो. आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, साठच्या दशकाच्या अखेरीला भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये लागले. पत्र्याचे भाग ठोकून काढायचं काम. आठ तास धडाड धडाड. कानात घालायला कापसाचा बोळा, तोही घरून नेलेला. घरी आले की ते मोठ्यानं बोलायचे. आई म्हणायची, "अरे हळू बोल, आपण काय शेताच्या दोन टोकांना उभे आहोत?" आम्हाला तो विनोद वाटायचा. तो आजार होता.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग आहे. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाच्या सततच्या माऱ्यानं त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे आवाज टिपणाऱ्या. आता, आपल्या बोलण्यात स्वर असतात खालच्या पट्टीत. स, श, च, फ यांसारखी व्यंजनं असतात वरच्या पट्टीत. म्हणून अशा माणसाला आपण बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते नाही. भाजीवाली 'साठ' म्हणते, दादांच्या कानावर 'आठ' पडतं. हल्ली आठ रुपयांना काही मिळत नाही हे ठाऊक असल्यामुळे ते साठ काढून देतात. म्हणजे जिथे तुम्हाआम्हाला प्रत्यक्ष ज्ञान होतं, तिथे दादा अनुमान करतात. दिवसभर, प्रत्येक वाक्याला. संध्याकाळी ते दमलेले असतात आणि गप्प होतात. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूसघाणे झाले.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी आम्ही खोलीत इअरबड्स घालून एक व्याख्यान ऐकत होतो. कॅन्सलेशन पूर्ण. दादांनी गॅसवर दूध ठेवलं होतं. दूध वर आल्याचा आवाज त्यांना येत नाही, म्हणून त्यांनी आम्हाला हाक मारून लक्ष ठेवायला सांगितलं आणि ते देवापाशी दिवा लावायला गेले. आम्हाला हाक ऐकूच आली नाही. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, ज्योत विझून गॅसचा वास सुटला. वासानंच दादा धावले. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि आमच्या खोलीत येऊन खांद्यावर हात ठेवला. आम्ही बड्स काढले. ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही, ते कारखान्यानं केलं. तुला कशानं झालं?"

आम्हाला उत्तर सुचलं नाही. ओटा पुसला.

मंडळी, त्या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही या ओट्यापासून सुरू करतो. पण त्याआधी थोडे आकडे, कारण नुसत्या भावनेनं भागत नाही.

डेसिबलचं माप साधं नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. जागतिक आरोग्य संघटनेनं गाणी ऐकण्यासाठी प्रौढांना घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास. आवाज ९० वर नेला तर आठवड्याला चारच तास. आता बसमध्ये समजा ८० डेसिबलची घरघर आहे. साधे इअरफोन घातलेला मुलगा गाणं ऐकू यावं म्हणून आवाज ९०च्या पुढे नेणार, आणि तोही रोज तीन तास. कॅन्सलेशन असेल तर त्याला ७०वर भागतं. म्हणून आमचं पहिलं उत्तर : बसमध्ये कॅन्सलेशन वापर. आवाज कमी ठेव. त्यात काहीही चूक नाही. ते कान वाचवणारं यंत्र आहे.

आता दुसरा आकडा. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा मानली गेली. दोन्ही मापांचे हेतू वेगळे आहेत हे मान्य. पण शेजारी शेजारी ठेवून बघा. गाणं ऐकणाऱ्यानं जे आठवड्यात चार तास सोसावं, ते कामगारानं अर्ध्या दिवसात सोसावं. १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारं बहिरेपण हा नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार होता. दादांची नोंद कुणी केली नाही. दादांनीही मागितली नाही. ताटाला नावं ठेवायची नाहीत ना! मघाशी म्हटलं होतं की त्या समजुतीत काही खोटं होतं. ते हे. आवाज हा रोजगाराचा भाग होता, पण बहिरेपण हा पगाराचा भाग नव्हता.

तिसरा आकडा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी या दोन भागांमध्ये फक्त एक रस्ता आहे. आपल्या सोसायटीत रात्री किती डेसिबल असतात, हे कुणी शेवटचं कधी विचारलं? डीजे लागला की पूर्वी चार म्हातारे तरी खाली जाऊन भांडायचे. आता ते चारही जण कानात घालून झोपतात. भांडण मिटलं, पण वॉचमन खाली उभा आहे आणि त्याच्या कानात काही नाही. तान्हं बाळ आहे, त्याच्याही नाही. यंत्रानं दिलेली शांतता खासगी आहे. तिनं सार्वजनिक शांततेची मागणी विसरायला लावली, तर ती महाग पडेल.

आता रोजच्या वापराबद्दल. यंत्रावर साधारण तीन जागा असतात : बाहेरचा आवाज पुसा, काहीच करू नका, बाहेरचा आवाज आत येऊ द्या. या शेवटच्या जागेला ट्रान्स्परन्सी म्हणतात. आमच्या नातीला वाटतं हे तांत्रिक बटण आहे. आम्हाला वाटतं हा प्रश्न आहे : या क्षणी कुणाची हाक आपल्यापर्यंत यायला हवी? बसमध्ये कुणाचीच नको, चालेल. रस्त्यावर चालताना मागून येणाऱ्या टेम्पोची हवी, म्हणून ट्रान्स्परन्सी. गाडी चालवताना काढून खिशात. शॉप फ्लोअरवर तर नाहीच. तिथे मापून दिलेले इअर प्लग किंवा इअर मफच लागतात. गाण्याचे बड्स हे संरक्षणाचं साधन नव्हे. आणि घरी? घरी ज्यांच्यासाठी आपण घरी आलो, त्यांची हाक यायला हवी.

हल्लीची यंत्रं 'स्मार्ट' आहेत. आपण बोलायला लागलो की आपोआप उघडतात, गोंगाट वाढला की आपोआप मिटतात. सोय आहे. पण निवाडा हळूहळू आपल्याकडून यंत्राकडे जातो. यंत्राला कंपनं मोजता येतात. ही हाक दादांची आहे, हे त्याला सांगता येत नाही. ते आपणच ठरवायचं.

आणि हेच तंत्र उलटंही चालतं. मायक्रोफोन तेच, चिप तीच, फक्त पुसायच्या ऐवजी हवा तो आवाज वाढवायचा. २०२४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इअरबड्सना श्रवणयंत्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला पहिल्यांदा परवानगी दिली. श्रवणयंत्र म्हटलं की आपल्याकडे माणसं लाजतात, चष्म्याला लाजत नाहीत. सगळ्यांच्याच कानात काहीतरी दिसायला लागलं, तर ती लाज कमी होईल अशी आम्हाला आशा आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आमचं घर दोन खोल्यांचं आहे आणि मागे वर्कशॉप आहे. मी सीएची परीक्षा देतेय. बड्स घातले नाहीत तर अभ्यासच होत नाही. मग मी स्वार्थी आहे का?

नाही, बाळ. शांतता ही इतकी वर्षं बंगलेवाल्यांची मिरास होती. ती तुला दोन खोल्यांत मिळाली, हे चांगलंच झालं. घरच्यांना फक्त सांगून ठेव की काम असलं तर खांद्याला हात लावा. आणि पास झालीस की त्या वर्कशॉपच्या वेळेबद्दल सोसायटीच्या सभेत प्रश्न विचार. तोपर्यंत अभ्यास कर.

प्रश्न : मागच्या वेळी मीच विचारलं होतं, सर. मग घरच्यांना काय सांगू?

सांग की बसमधले तीन तास माझे आहेत. आणि दारात चप्पल काढतोस तिथेच बड्स काढून ठेव. सांगायची वेळ बहुधा येणार नाही.

प्रश्न : दादा आता कसे आहेत?

पहिल्याच रांगेत बसलेत. श्रवणयंत्र घेतलंय. गर्दीत त्रास होतो म्हणून मधूनच काढून ठेवतात. आत्ता घातलंय की नाही ते आम्हाला इथून दिसत नाही. ते हात वर करताहेत. प्रश्न आहे असं वाटत नाही, घड्याळ दाखवताहेत. तेव्हा थांबतो. नमस्कार.